काडीपेट्यांचं टोपलं

मलकापूर,
ता. २२ आक्टोबर १९३१

तीर्थरूप आजीस वैजनाथचा नमस्कार. पाय दुरून धरले आहेत, समजून घेजो.

दसरा गेला तरी पत्र नाही म्हणून तू शिव्या देत असशील. देण्यासारखंच आहे. किराण्याच्या दुकानातलं काम गेलं. तिथं जेलाचं सांगतलं नव्हतं. एक दिवस मेहकरकडचा कोणी माणूस मीठ घ्याले आला अन् दुकानदारापुढंच म्हणे, "काय बे वैजा, सुटला कवा?" दुकानदारानं माही पिशवी गिऱ्हाइकांपुढं उलटी केली. सदरा निघाला अन् तू दिलेली जवसाची चटणी. तरी मले पायरीखाली उतरवलं.

आता स्टेशनापलीकडं भगवानरावांचा जीन आहे, तिथं कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात. हंगाम दिवाळीपासून. चौकीदार पाह्यजे. मालक सोता बोलावून विचारते. त्यांचे मुनीम किसनराव म्हणाले, पहिला सवाल हाच असते, आजवर शिक्षा झाली काय.

मी मनातल्या मनात बोलून पाहतो. "मालक, सहा वर्षं झाले. आमच्या चुलत घरच्या रुखमाकाकूनं आमचा बैल कोंडवाड्यात घातला. तो तिथं वैरणीवाचून मेला. मी तिच्या कडब्याच्या गंजीले काडी लावली. अठराचा होतो. अकोल्याच्या तुरुंगात नऊ महिने काढले." एवढं बोललो की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

सांगू का लपवू ते कळव. हेही काम नाही लागलं तर मी जानेफळले तोंड दाखवणार नाही. स्टेशनावर उभी राहीन त्या गाडीत बसीन, नेईन तिकडं जाईन.

वैजनाथ


जानेफळ,
आश्विन वद्य पंचमी, १९३१

वैजनाथले आजीचा आशीर्वाद. एकच आहे, जपून वापरजो.

पत्र मीच लिहून राह्यली. मास्तराकडून लिहून घेतलं तर दिवे लागाच्या आत गावभर होते. दुसरीत शाळा सुटली तवापासून अक्षर माह्यासंगंच वाकलं, लागते तसं वाच.

लपव. याच्यात विचाराचं काय आहे?

तुले आठवते का नाही? गंजी पेटतांनी कोणी पाह्यलं नव्हतं. अर्जुनराव पाटील तुले दोनदा म्हणला, पोरा, कोणाच्या चिलमीची ठिणगी उडाली असन. तू म्हणे, नाही, म्याच काडी लावली. पाटलानं तुह्यासाठी दार उघडून धरलं होतं अन् तू भिंतीवर डोकं आपटलं. मी रुखमीच्या पायावर डोकं ठेवलं. दुप्पट कडबा देतो म्हणली, पुढच्या साली पुन्हा देतो म्हणली. ती पाय मागं घेऊन म्हणे, डोकं नको सासूबाई, पोट्टं पाठवा. खरं बोलून तुले काय भेटलं ते मले एकदा बसून सांग.

तू लपवलं म्हणून त्या दुकानदारानं नाही हाकललं. नीट लपवलं नाही म्हणून हाकललं. मेहकरचा माणूस दिसला तर पोत्यामागं बसता येत नव्हतं काय?

पाटलाकडून चांगल्या चालीचा दाखला आणला. लिहून देतांनी लय खाकरला. पायलीभर तूर पुढं ठेवली तवा खाकरणं थांबलं. सोबत धाडून राह्यली. ते नऊ महिने कोठी होता असं कोणी विचारलं तर म्हणजो, मामाकडे. मामा मेला आहे, विचाराले कोणी जात नाही.

झुंबरबाई


मलकापूर,
ता. १४ नोव्हेंबर १९३१

आजीस वैजनाथचा नमस्कार. हा उड्या मारत केला आहे.

पाटलाचा दाखला खिशातच राह्यला. मी सांगून टाकलं. अन् आजी, काम लागलं.

कसं झालं ते ऐक. भगवानराव गादीवर बसले होते, बाजूले किसनराव मुनीम. मालक म्हणे, शिक्षा झाली काय? माह्या तोंडात मामाच आला होता, पण मालकानं असं पाह्यलं की मामा परत गेला. मी म्हणलं, झाली, गंजी जाळली. मुनीम उठूनच उभे राह्यले. मालकानं त्यांले हातानं बसवलं अन् मले म्हणे, बस. मले, आजी. सतरंजीवर.

मंग सगळं विचारलं. कशानं लावली? काडीनं. किती वेळात धरली? वारा कोणीकडचा होता? कोणी पाह्यलं? मी म्हणलं, नाही. मंग कबूल काऊन केलं? मी म्हणलं, खरं होतं म्हणून. मालक मुनीमाकडं वळले. मंग म्हणे, "किसनराव, असा माणूस शोधून भेटत नाही. आमाले खरं बोलणाराच पाह्यजे." तेवढ्यात दोन व्यापारी आले, तर त्यांच्यासमोर मले पुन्हा पहिल्यापासून सांगाले लावलं. मले लाज वाटत होती, पण मालक कौतुकानं ऐकत होते.

काम फाटकावर आहे. रुईत एक ठिणगी पडली तर सगळं संपलं, म्हणून आत जाणाऱ्या हर माणसाची बिडी अन् काडीपेटी फाटकावर काढून घेतात. सुट्टी झाली की ज्याची त्याले परत. ते काडीपेट्यांचं टोपलं माह्या ताब्यात आहे. ज्यानं गंजी जाळली त्याच्याच हाती जिनाच्या काडीपेट्या. असा भरवसा कोणी कोणावर टाकते काय, तूच सांग.

वैजनाथ


जानेफळ,
कार्तिक वद्य तृतीया, १९३१

वैजनाथले आशीर्वाद.

कोणी टाकते काय असं विचारलं तू. सांगते. कोणीच टाकत नाही. म्हणून पत्र आल्यापासून मले झोप नाही.

मी बकरी घ्याले जाते तवा दात पाहते, थान पाहते. तिची शेपूट किती लांब ते विचारत नाही, कारण शेपटीचं मले काम नाही. गंजी पेटतांनी वारा कोणीकडचा होता हे ज्यानं विचारलं, त्याले वाऱ्याचं काम आहे. कोणी पाह्यलं नाही अन् तरी याणं कबूल केलं, हे ऐकून जो खुश झाला त्याले चौकीदार नको होता. काय पाह्यजे होतं ते मले अजून उमगलं नाही, पण चौकीदार नाही.

अन् व्यापाऱ्यांपुढं पुन्हा सांगाले काऊन लावलं? एकदा ऐकून त्याचं मन नव्हतं भरलं?

तू तुह्या बापावर गेला. त्याच्या पाठीवर कोणी हात फिरवला की तो उचलाले बोजा शोधे. हात फिरवणारे सगळे आहेत, तोच गेला.

काम सोड. उद्याच सोड. वावरात तूर उभी आहे, तोडाले माणूस नाही. तुले सतरंजीवर नाही बसवत मी, पण बांधावर बसाले बंदी नाही.

झुंबरबाई


मलकापूर,
ता. २० जानेवारी १९३२

आजीस नमस्कार.

दोन महिने मुद्दाम लिहिलं नाही. राग होता. कोणी माह्याशी चांगलं वागलं की तुले त्यात किडाच दिसते. दुकानदारानं हाकललं तर म्हणे नीट लपवलं नाही, मालकानं ठेवलं तर म्हणे काऊन ठेवलं. मी करू तरी काय?

इथं येऊन पाह्य. पोलिसांचा जमादार येवो, विम्याचे साहेब येवोत, मालक मले हाक मारून पुढं उभं करते. विम्याचे साहेब म्हणजे, जीन जळला तर ज्यांची कंपनी भरून देते ते. मालक त्यांले म्हणे, "हा आमचा वैजनाथ. गंजी जाळून जेलात जाऊन आला, पण खरं बोलते." जमादारानं माह्यं नाव, गाव सगळं विचारून घेतलं. पहिले माही मान खाली जाई. आता जात नाही. अख्ख्या मलकापुरात मले लपवाचं काही उरलं नाही. मोकळा झालो, आजी. तुले हे कळाचं नाही. तू कधी लपून राह्यली नाही.

मालकाचं मनही मोठं आहे. औंदा अवकाळी पाण्यानं कापूस भिजला, पिवळा पडला. कोणी व्यापारी हात लावत नाही. आमच्या मालकानं गाड्याच्या गाड्या घेतल्या, मोठ्या शेडात छतापर्यंत भरल्या. त्याले जागा व्हावी म्हणून चांगल्या गाठी आधीच रेल्वेनं पाठवून दिल्या. शेतकऱ्याची कळ आहे त्यांले.

आता माह्यं काम. शेजारच्या सत्यभामाबाईच्या पोरीशी, कोकिळेशी, लग्नाचं तू मागं बोलली होती. तवा मीच नाही म्हणलो, कारण पोटाले काही नव्हतं. आता आहे. विचारून पाह्य. जेलाचं तिले माहीतच आहे, तिच्यापासून लपवा लागत नाही. ती लहानपणी मले पऱ्हाटीत लपून बोरं मारे, तेही तिले आठवण करून देजो.

लुगडं पाठवलं आहे. रंग नाही आवडला तरी नेसजो.

वैजनाथ


जानेफळ,
माघ वद्य द्वितीया, १९३२

वैजनाथले आशीर्वाद. लुगड्याचा रंग नाही आवडला. नेसली.

तू मोकळा झाला म्हणतो. बैल-बाजारात खोडीचा बैल उभा करतात ना, तवा हुशार धनी त्याची खोड आधीच चारचौघांत सांगून ठेवते. मंग कोणाले शिंग लागलं की म्हणाले मोकळा, मी सांगतलं होतं बाप्पा. बैलाले वाटते आपलं नाव घेऊन राह्यले.

आता बाकीचं ऐक. मी वाकडीतिकडी लिहिते पण बेरीज येते मले. जो मालक बोंड चोळून चोळून भाव पाडते, तो भिजका कापूस कळ येऊन घेत नाही. तो कापूस त्याले पिंजाचा नाही, इकाचाही नाही. चांगला माल हलवला, सडका भरला. जळलं तर कंपनी भरून देते. मंग जाळलं कोणी म्हणून दाखवाले एक माणूस तेवढा राह्यला होता. तो त्याले दिवाळीतच भेटला, सोताच्या पायानं चालत आला, अन् दाखला खिशात ठेवून आला.

तुले हे पटणार नाही, म्हणून दुसरं सांगते. सत्यभामा हो म्हणली. कोकिळाही हो म्हणली, बोराचं ऐकून हसली. होळीले घरी ये, कुंकू लावून घेऊ. सत्यभामेच्या घरी दुसरं स्थळ येऊन बसलं आहे. तू होळीले नाही आला तर पोरगी तिकडं जाईन. मी आडवी होणार नाही.

होळीच्या आदल्या दिवशी मले तू दारात दिसला पाह्यजे.

झुंबरबाई


मलकापूर,
ता. १६ मार्च १९३२

आजीस नमस्कार.

होळीले येणं होत नाही. मालकानं सगळ्यांले दोन दिवस सुट्टी दिली, मले म्हणे, "वैजनाथ, फाटक दुसऱ्या कोणाच्या भरवशावर सोडवत नाही." नाही म्हणता आलं नाही. धुळवडीच्या दुपारी मालकाच्या घरून पुरणपोळीचं ताट येणार आहे. त्यांच्या घरचं, आजी, जेलातून आलेल्या माणसाले.

रंगपंचमीले येतो. मालकानं कबूल केलं आहे. सत्यभामाबाईले म्हणजो, पाच दिवसांनी काही जात नाही.

तुह्यं मागचं पत्र मी फाडून टाकलं. कोणाच्या हाती पडलं असतं तर मालकाले काय वाटलं असतं?

वैजनाथ


भगवानराव यांचा जिनिंग कारखाना,
मलकापूर, ता. २ एप्रिल १९३२

गं. भा. झुंबरबाई, मु. जानेफळ, यांस किसनराव मुनीम यांचा नमस्कार विनंती विशेष.

कळविण्यास अत्यंत खेद होतो की, आपला नातू वैजनाथ याने दि. २३ मार्च रोजी, धुळवडीच्या दिवशी दुपारी, कारखान्यातील मोठ्या शेडास आग लावली. संपूर्ण माल भस्म झाला. सुदैवाने मनुष्यहानी नाही. त्याचा पूर्वेतिहास ज्ञात असूनही मालकांनी केवळ दयाबुद्धीने त्यास आश्रय दिला होता, हे सर्व मलकापूर जाणते. अशा दयेचे फळ काय मिळाले, हे आपणांस निराळे लिहिणे नको.

तो पोलिसांच्या ताब्यात आहे. पूर्वीच्या गुन्ह्याबाबत खात्री करून घेण्यासाठी जमादार आपल्या गावी येतील. त्यांस योग्य ती माहिती द्यावी. आपल्या वयास मान देऊन मालकांनी आपणांविषयी मनात काही ठेवलेले नाही.

त्याची वळकटी येथे पडून आहे. जागेची अडचण असल्याने महिनाभरात न्यावी.

कळावे.
किसनराव


अकोला तुरुंग,
ता. ९ आगष्ट १९३२

आजीस वैजनाथचा नमस्कार. इथून पत्र लिहाले तिघांले विचारा लागते अन् जेलर वाचते. तरी लिहितो.

सात वर्षं झाली. शिक्षेची, म्हणजे व्हायची आहेत.

तू कोर्टात नाही आली ते बरं झालं. काय झालं ते तुले तरी सांगतो. धुळवडीले दुपारी किसनराव पोळीचं ताट घेऊन आले. म्हणे, "तू गरम गरम खाऊन घे, मी आतलं कुलूप पाहून येतो." वरून तूप होतं. मी फाटकात बसून खात होतो. किसनराव फाटकातून परत आलेच नाही, मागच्या दारानं गेले असतील. दुसरी पोळी हातात होती तवा धूर दिसला. मी विहिरीकडं पळालो, बादल्या मारल्या, हात भाजले. वकील म्हणे, हात भाजले म्हणजे हात आगीत होते.

न्यायाधीशानं विचारलं, पहिले गंजी जाळली होती? मी म्हणलं, हो. त्या दुपारी जिनात तू एकटा होता? हो. काडीपेट्या तुह्या ताब्यात? हो. सगळ्याले हो म्हणलं, कारण सगळं हो होतं. पोळीचं अन् मुनीमाचं सांगतलं तर किसनराव म्हणे, मी त्या दिवशी घरीच होतो. मंग मालक उभे राह्यले. डोळ्याले पाणी आलं त्यांच्या. म्हणे, मी याले पोटचा समजलो. तो जमादार, ते व्यापारी, विम्याचे साहेब, सगळे एकामागून एक म्हणे, हो, मालकानं आम्हाले आधीच सांगतलं होतं हा कोण आहे.

अन् ते टोपलं टेबलावर आणून ठेवलं. कोणाची काडीपेटी कोणती हे समजावं म्हणून मी एकेकीले रंगीत दोरा बांधून ठेवला होता. कामावरचे लोक खूण पाहून आपापली घेत, खुश होत. सरकारी वकिलानं एक काडीपेटी दोऱ्यानं धरून सगळ्यांले दाखवली अन् म्हणे, "पाहा, किती जीव लावला आहे याणं." लोक हसले. मलेही वाटलं, जीव लावलाच होता.

कोकिळेले काय सांगाचं ते तू सांग. माह्याकडून एवढंच, की बोरं मले लागली नव्हती, मी उगीच रडत होतो.

अजून एक मागतो. नवा जीन उभा होऊन राह्यला म्हणतात. आपल्या भागातलं कोणी पोट्टं जेलातून सुटून तिथं कामाले जात असन, तर त्याले सांगजो. मी सोता सांगू शकत नाही. तुह्यं कोणी ऐकीन.

वैजनाथ


जानेफळ,
भाद्रपद शुद्ध षष्ठी, १९३२

वैजनाथले आशीर्वाद. हे जेलर वाचत असन तर त्यानंही घ्यावा.

मलकापूरले जाऊन तुही वळकटी आणली. भगवानरावानं मले ओसरीवर बसवलं, पाणी पाजलं. म्हणे, बाई, तुमचं दुःख मले समजते. समोर नव्या जिनाचे पत्रे चढून राह्यले होते. मी म्हणली, पत्रे चांगले आहेत. तो म्हणे, हो, आता पक्कं काम करून राह्यलो. मंग मी उठली. दुसरं काय बोलाचं होतं? माह्याजवळ पत्र होतं काय, दाखवाले? तू जे आलं ते फाडलं, अन् जे फाडाचं ते तोंडानं सांगतलं.

जमादार आला होता. मले विचारलं, गंजी याणंच जाळली होती काय. मी म्हणली, मी म्हातारी, मले दिसत नाही. त्यानं रुखमीले विचारलं. तिले सगळं दिसत होतं. पारावर म्हणे, अशा माणसाले चांगल्या मालकानं ठेवूच नाही, जात्याच आगलाव्या. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. नसती हलवली तर म्हणले असते, म्हातारी चळली. माणसाले खरं पटवा लागत असन तर ते मी बाजारात नेत नाही, तसंच घरात ठेवते.

कोकिळा गेली. ते जे दुसरं स्थळ होतं ते रुखमीच्या पोराचं, कारभारीचं होतं. मी तुले नाव नव्हतं सांगतलं, तू तिकडं बसून जळला असता. लग्न अक्षय्य तृतीयेले झालं. रुखमी जानेफळची जमीन इकून माहेरी वरवट बकालले राहाले गेली, कोकिळेले संग घेऊन. सत्यभामा मले सांगाले आली अन् रडाले लागली. मी म्हणली, मांडवात रडजो, माह्या ओसरीवर नको. बोराचं कोणाले सांगतलं नाही. आता त्याचं काय काम?

तू कोण्या दुसऱ्या पोट्ट्याची काळजी करून राह्यला. तुही कोणी केली होती? तिथं कोणी काही विचारलं तर मुका हो. जेवढं विचारलं तेवढंही सांगू नको.

मी सात वर्षं जगीन का नाही ते तू मोजू नको. मी मोजून राह्यली.

झुंबरबाई


वरवट बकाल,
ता. १४ आक्टोबर १९३५

सौभाग्य गेलेल्या पण मान न गेलेल्या सासूबाईंस रुखमाचा नमस्कार.

लिहिणार तुमच्या शेजारची कोकिळा. मले अक्षर येत नाही, सूनबाईच्या हातून लिहून घेतलं.

मागचं मनात ठेवू नका. तुमच्या वैजनाथनं आमची गंजी जाळली अन् त्या देवासारख्या माणसाचा जीनही जाळला. त्याची खोडच तशी, तुमचा काय दोष. आता आमच्यावर वेळ आली म्हणून लिहिते. कारभारीनं शेगावच्या रस्त्यावर कोणाच्या गाडीतला कापूस काढला. संगतीनं बिघडला, त्याचं मन नव्हतं. सहा महिने जाऊन आला. तवापासून कोणी उभं करत नाही. जिथं सांगते तिथं हाकलतात, जिथं लपवते तिथं कोणी ना कोणी ओळखते. घरात खाणारी तोंडं आहेत अन् कोकिळेले दिवस गेले आहेत.

भगवानरावांच्या जिनात फाटकावर माणूस पाह्यजे असं ऐकलं. तुमच्या वैजनाथले त्यांनी सगळं माहीत असून ठेवलं होतं, म्हणून तुमाले विचारते. मालकाचा स्वभाव तुमाले ठाऊक. कारभारीनं जेलाचं सांगावं का लपवावं? तुम्ही म्हणसान तसं करू. हे काम नाही लागलं तर पोट्टं हातचं जाईन.

रुखमा

आजी, मी कोकिळा. हे मी सासूबाईंले न सांगता लिहिते. तुम्ही कधी गोड बोलल्या नाही, पण खोटंही बोलल्या नाही. म्हणून खरं काय ते कळवा. तुम्ही जा म्हणलं तरच मी त्यांले जाऊ देईन.


जानेफळ,
आश्विन वद्य द्वादशी, १९३५

रुखमाबाईले झुंबरबाईचा आशीर्वाद. कोकिळेले वेगळा.

इतक्या वर्षांनी विचारलं, बरं केलं. त्या मालकाचं मले जेवढं ठाऊक आहे तेवढं दुसऱ्या कोणाले नसन.

लपवू नये. भगवानरावाले खरं बोलणारा माणूस आवडते, हे मले वैजनाथनं सोता लिहिलं होतं. शिक्षा झाली म्हणलं तर ते हाकलत नाही, सतरंजीवर बसवते. मंग बारीक बारीक विचारते. कापूस कसा काढला, गाडीवान झोपला होता काय, कोणी पाह्यलं काय. विचारलं तेवढं सगळं सांगावं. चारचौघांत पुन्हा सांगाले लावलं तर कारभारीनं लाजू नये. जमादारापुढं, पाहुण्यांपुढं उभं करते, नाव घेऊन ओळख करून देते. अशी ओळख दुसरा कोणी मालक करून देत नाही.

पाटलाचा दाखला न्यावा, पण खिशातच राहू द्यावा. तिथं त्याचं काम पडत नाही.

काम हलकं आहे. काडीपेट्यांचं टोपलं सांभाळाचं.

कोकिळे, तू खरं विचारलं. याच्यात एक शब्द खोटा नाही. जाऊ दे त्याले. तुह्या लेकरासाठी दुपटं शिवाले घेतलं आहे, वैजनाथनं धाडलेल्या लुगड्याचं. रंग तेवढा चांगला नाही.

अन् एक राह्यलं. होळीले जिनात सगळ्यांले सुट्टी भेटते. कारभारीनं मागू नये. मालक त्या दिवशी घरची पोळी पाठवते, वरून तूप असते. गरम गरम खाऊन घ्यावी.

झुंबरबाई